पड जमिनीचा खंड : संवर्धन अनुदानांच्या अभ्यासाची प्रस्तावना

शेतकऱ्याला सरकार पैसे देतं हे आपल्याला नवं नाही. विहिरीला देतं, ठिबकला देतं, शेततळ्याला देतं, गारपीट झाली की पंचनामा करून देतं. पण ‘या जमिनीत दहा वर्षं काही पिकवू नकोस, गवत वाढू दे आणि त्याबद्दल दरवर्षी आमच्याकडून खंड घेत जा,’ असा करार सरकारच शेतकऱ्याशी करतं म्हटलं की मराठी वाचकाच्या भुवया उंचावतात. अमेरिकेत असे करार गेली चाळीस वर्षं चालू आहेत. २००७ साली, योजनेच्या भर बहरात, ३ कोटी ६८ लाख एकर जमीन अशी करारावर पड होती. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं भरतं. खर्च साधारण वर्षाला दीड ते दोन अब्ज डॉलर. योजनेचं नाव कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम. तिकडचा शेतकरी नुसतं ‘सीआरपी’ म्हणतो, आपणही यापुढे तेच म्हणू.

या अनुदानांचा अभ्यास अर्थशास्त्र, मृदाविज्ञान, इतिहास, पक्षिशास्त्र आणि बरीचशी कोर्टकचेरी अशा चार-पाच शेतांच्या सामाईक बांधावर वाढला आहे. बांधावरच्या झाडाचं जे होतं तेच त्याचं झालं : सावली सगळ्यांना हवी, पाणी कोणीच घालत नाही. त्यामुळे नव्याने येणाऱ्याला इथे कोणी अडवत नाही, पण वाट दाखवायलाही कोणी उभं नसतं. ही प्रस्तावना त्या वाटेपुरती.

नवखा माणूस या विषयात बहुधा यादीच्या दाराने येतो. १९९६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने शेती खात्याविरुद्धचा खटला जिंकला आणि अनुदान घेणाऱ्यांची नावं ही काही खाजगी बाब नाही, असा पायंडा पडला. २००१ मध्ये ‘एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप’ या संस्थेने काउंटीवार नावं आणि रकमा सर्वांसाठी खुल्या केल्या. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याहून मोठं, पण जिल्ह्याएवढं वजन नसलेलं एकक. आपल्या काउंटीत कोणाला किती मिळाले हे कोणीही बघू शकतं म्हटल्यावर लोकांनी आधी शेजाऱ्याचं नाव शोधलं. शहरात राहणारे जमीनमालक, बँकांचे संचालक, एखादा बास्केटबॉलपटू अशी नावं सापडली की वर्तमानपत्रांचीही चंगळ झाली. या यादीचा राजकीय उपयोग मोठा होता आणि तिने पुढच्या शेतीविधेयकांच्या चर्चेला धारही आणली. पण अभ्यासक म्हणून यादीपाशी थांबणं मला पटत नाही. सरकार इथे जमीन विकत घेत नाही, शेतकऱ्याचं मन तर नाहीच नाही. ते फक्त काही वर्षं विकत घेतं, दहा किंवा पंधरा. त्यामुळे कोणाला किती मिळाले याहून मोठा प्रश्न असा, की करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या जमिनीचं काय झालं?

हा प्रश्न सीआरपीहून बराच जुना आहे. विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येला कून व्हॅली नावाचं खोरं आहे, त्याचा मोठा भाग व्हर्नन काउंटीत येतो. डोंगरउतार, दुभती जनावरं, आणि उतारावरून सरळ खालीवर घातलेली नांगरट. १९३३ साली नव्याने निघालेल्या मृदाधूप सेवेने देशातला पहिला पाणलोट प्रकल्प इथे सुरू केला. शेतकऱ्याने पाच वर्षं ठरवून दिलेल्या पद्धतीने शेती करायची : समपातळीत पेरणी, एकाआड एक पट्ट्यांत पिकं, उभ्या उतारावरच्या राईत जनावरं सोडायची नाहीत. बदल्यात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार दलाची पोरं येऊन फुकट मजुरी करणार, घळी बुजवणार, सरकार यंत्रं आणि सामान देणार. आल्डो लिओपोल्ड हा वन्यजीवशास्त्रज्ञ या प्रकल्पाशी जवळून जोडलेला होता. पुढे १९४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ प्रसिद्ध झालं. त्यातल्या भूमिनीतीवरच्या निबंधात त्याने या सगळ्याचा हिशेब मांडला आणि तो कडवट आहे. ज्या कामांत हातात लगेच पैसा पडत होता तेवढी कामं शेतकऱ्यांनी पुढे चालू ठेवली, गावाच्या भल्याची पण स्वतःच्या खिशाला न दिसणारी कामं पाच वर्षं सरताच सोडून दिली, असं त्याचं म्हणणं.

बऱ्याच लेखांत कून व्हॅलीची गोष्ट इथेच संपते. स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलतज्ज्ञाने मात्र ती तिथे संपू दिली नाही. त्याने त्याच खोऱ्यात ओढ्याच्या काठांवर साठलेला गाळ वर्षानुवर्षं मोजला. १९९९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याने दाखवलं, की १९३०च्या दशकात ज्या वेगाने गाळ साठत होता त्याच्या अगदी थोड्या अंशानेच तो १९७५ ते १९९३ या काळात साठला. म्हणजे पट्ट्यांची शेती टिकली होती. लिओपोल्डला पाच वर्षांनंतरची चालढकल दिसली, ट्रिंबलला साठ वर्षांनंतरचा गाळ. दोघांपैकी खोटा कोणी नाही. लिओपोल्ड माणसांच्या वागण्याबद्दल बोलत होता, ट्रिंबल ओढ्याबद्दल, आणि मधल्या काळात ट्रॅक्टर आला, खतं आली, पिकं बदलली, शेतं कमी हातांत गेली. यातलं किती श्रेय त्या पाच वर्षांच्या कराराचं, हे वेगळं काढायचं कसं? या विद्याशाखेची निम्मी पद्धतिशास्त्रीय डोकेदुखी या एका खोऱ्यात सापडते. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी कून व्हॅली वाचायला देतो, सीआरपी नंतर.

आता थोडं या पैशाच्या जन्माबद्दल, कारण तो जन्म सोज्वळ नाही. १९३३च्या कायद्याने शेतमालाचे पडलेले भाव सावरण्यासाठी पेरा कमी करणाऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली आणि त्यासाठी माल प्रक्रिया करणाऱ्यांवर कर बसवला. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. सरकार हात चोळत बसलं नाही. दोन महिन्यांच्या आत नवा कायदा आला आणि त्यात मृदासंधारण हा शब्द थेट नावातच होता. गहू, मका, कापूस, तंबाखू ही ‘जमिनीचा कस खाणारी’ पिकं ठरली, गवत आणि द्विदल चारापिकं ‘कस राखणारी’. पहिल्यातून दुसऱ्यात जमीन नेली की पैसे. बाजारात ज्यांचा ढीग लागला होता नेमकी तीच पिकं कस खाणारी निघावीत, हा योगायोग नव्हता. तरीही हा सगळाच बहाणा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. १४ एप्रिल १९३५चा काळा रविवार नुकताच होऊन गेला होता, दक्षिण मैदानांवरची माती आभाळ काळं करत उडाली होती. ह्यू हॅमंड बेनेट नावाचा मृदाशास्त्रज्ञ १९२८पासून धूप हे राष्ट्रीय संकट आहे म्हणून कंठशोष करत होता. धुळीच्या त्या वर्षी त्याचं ऐकलं गेलं आणि मृदासंधारण सेवा कायम झाली. भावाची चिंता आणि मातीची चिंता अशा दोन पायांवर हे अनुदान उभं राहिलं ते तेव्हापासून. १९५६ची ‘सॉइल बँक’ बघा, १९८५ची सीआरपी बघा : धान्य जास्त झालं की संवर्धनाला पैसा मिळतो, धान्याचा भाव चढला की संवर्धन आठवेनासं होतं. १९७०च्या दशकात रशियाने प्रचंड गहू उचलला, शेतीमंत्री अर्ल बट्झने कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा म्हणून सांगितलं, आणि आधीच्या पिढीने गवताखाली घातलेले माळ पुन्हा मोडले.

पैसेच का द्यायचे, नियम का नाही? प्रयत्न झाला होता. १९३७ मध्ये रूझवेल्टने सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना मृदासंधारण जिल्ह्यांच्या कायद्याचा एक नमुना पाठवला. त्यात स्थानिक शेतकऱ्यांनी मतदान करून जमीनवापराचे बंधनकारक नियम करावेत अशी सोय होती. जिल्हे झाले, आज त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास आहे. नियम मात्र जवळपास कोणीच केले नाहीत. शेजाऱ्याच्या नांगराला हात घालायला कोण जाणार? याच काळात मुंबई इलाख्यात वेगळी वाट धरली गेली. १९४२चा जमीन सुधारणा योजनांचा कायदा घ्या. बांधबंदिस्तीची योजना एखाद्या क्षेत्राला लागू झाली की एकट्यादुकट्याची नाराजी तिला थांबवू शकत नसे, आणि खर्चाचा वाटा जमीनधारकाकडून वसूल होई. सोलापूर, विजापूरकडच्या कोरडवाहू शेतांतले जुने बांध बघताना हे लक्षात ठेवावं. मराठी वाचकाला संवर्धन म्हटलं की सरकारने करून घेतलेलं काम आठवतं, अमेरिकी शेतकऱ्याला सरकारने देऊ केलेला करार आठवतो. १९८५च्या अन्नसुरक्षा कायद्याने दोन्हींची थोडी सांगड घातली : धूपप्रवण माळ नव्याने मोडलात किंवा पाणथळ जागा निचरा करून पेरलीत तर बाकीची सरकारी अनुदानंही गमावाल. नियम आला खरा, पण पैशाच्या मागच्या दाराने.

प्रत्यक्ष करार कसा होतो ते जवळून बघायला हवं, कारण या अभ्यासातले मोठमोठे सिद्धान्त शेवटी एका टेबलावर येऊन टेकतात. समजा पश्चिम कॅन्ससमध्ये एकाची क्वार्टर सेक्शन जमीन आहे, म्हणजे १६० एकर, अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद असा चौरस. माती हलकी, वारा सोसाट्याचा, गहू कसाबसा. तो काउंटीच्या गावी फार्म सर्व्हिस एजन्सीच्या कार्यालयात जातो. तिथे त्याच्या शेताचा हवाई नकाशा निघतो. त्यावर शेताचा क्रमांक, त्यातल्या तुकड्याचा क्रमांक आणि त्यातल्या वावराचा क्रमांक असे तीन क्रमांक असतात. आपल्या गट नंबर आणि पोटहिश्श्याची सवय असणाऱ्याला इथे घरच्यासारखं वाटेल. पहिला प्रश्न : या जमिनीत पीक घेतलं होतं का? २०१८च्या शेती कायद्याप्रमाणे २०१२ ते २०१७ या सहा वर्षांपैकी चार वर्षं तरी पीक घेतलेलं हवं. ज्याच्या घराण्याने तो माळ कधी मोडलाच नाही, त्याच्यासाठी हे दार बंद. मुळापासून शहाणपणाने वागणाऱ्याला काही नाही आणि आधी चूक करून मग सुधारणाऱ्याला खंड, हा या योजनेतला जुना सल आहे. २०१४ नंतर कुरणांसाठी वेगळी खिडकी उघडली, तेव्हा तो थोडा बोथट झाला.

मग दर. त्या तुकड्यातल्या तीन मुख्य मृदाप्रकारांवरून आणि काउंटीत कोरडवाहू जमिनीला चालू असलेल्या रोख खंडावरून एक कमाल दर निघतो. २०१८च्या कायद्याने सर्वसाधारण नोंदणीत तो काउंटीच्या सरासरीच्या ८५ टक्क्यांवर आणून बांधला. शेतकरी त्याहून कमी मागू शकतो. कमी का मागेल? कारण त्याच्या प्रस्तावाला गुण पडतात. पर्यावरण-लाभ निर्देशांक नावाची एक गुणपत्रिका आहे : वन्यजीवांना किती फायदा, पाण्याला किती, धूप किती थांबेल, हा फायदा कराराच्या मुदतीनंतर टिकेल का, हवेला किती, आणि शेवटी खर्च किती. देशभरातून आलेल्या प्रस्तावांत ज्यांचे गुण वरचे त्यांना करार. म्हणून आपला गडी दोन डॉलर दर सोडतो, किंवा बियाणांत दोन जातींऐवजी पाच देशी गवतं आणि फुलझाडं टाकायचं कबूल करतो. पेरणीचा साधारण निम्मा खर्च सरकार देतं. पुढे दर ऑक्टोबरला खंड खात्यात पडतो, एका व्यक्तीला वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर मात्र नाही. मधल्या वर्षांत त्याला तण काढावं लागतं, पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात गवत कापायची मनाई असते, आणि जनावरं सोडायची तर तीही परवानगी घेऊनच, ठरलेल्या अटींवर.

ही गुणपत्रिका सुरुवातीला नव्हती. १९८६च्या पहिल्या नोंदण्यांत अनेक काउंट्यांना मिळून एक कमाल दर ठरवलेला असे. तो म्हणायला गुप्त असायचा. एकदोन फेऱ्यांत सगळ्यांना कळला आणि त्यानंतर जो तो नेमका तेवढाच मागू लागला. लिलाव म्हणून सुरू केलेली गोष्ट भावफलक होऊन बसली. राइकेल्डर्फर आणि बॉगेस यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की धूप थांबवणं हेच ध्येय असतं तर एवढ्याच पैशांत याहून कितीतरी माती वाचली असती. सरकारला जमिनीचा आकडा लवकर गाठायचा होता, कारण गव्हाची कोठारं तुंबली होती. पुढचं सगळं लिलावशास्त्र याच फजितीतून निघालं. अर्थशास्त्रातून येणाऱ्या विद्यार्थ्याने ते जरूर शिकावं, फक्त त्यातच रमून जाऊ नये.

रमायचंच असेल तर गवतात रमावं. सुरुवातीच्या करारांत काय पेरायचं याबाबत राज्याराज्यांत फरक होता. कॅन्ससमध्ये देशी मिश्रणावर भर होता : ब्लू ग्रामा, साइडओट्स ग्रामा, लिटल ब्लूस्टेम, स्विचग्रास. टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या मोठ्या पट्ट्यात आयात गवतं पेरली गेली, कारण ती लवकर उगवत, चिवट होती आणि माती धरून ठेवत. त्यांतल्या एका गटाला तिकडे ‘जुन्या जगातली ब्लूस्टेम’ म्हणतात. आपली मारवेल याच गटातली. आपल्याकडे गुराखी जिला चांगली वैरण म्हणून जपतो, ती टेक्ससमध्ये क्लेबर्ग ब्लूस्टेम या नावाने घुसखोर म्हणून ओळखली जाते. माती उडायची थांबली का, एवढंच बघितलं तर दोन्हीकडे थांबली. पण माळावर नाचून मादीला रिझवणारा, आपल्या नान्नजच्या माळढोकासारखाच गवताळ प्रदेशाला चिकटून जगणारा लहान प्रेअरी कोंबडा कॅन्ससमध्ये आर्कान्सा नदीच्या उत्तरेला नव्याने पसरला, तो या देशी गवताच्या करारजमिनींमुळे. दक्षिणेकडच्या एकसुरी गवतात त्याला तशी जागा मिळाली नाही. योजना तीच, खंडही त्याच पद्धतीचा, आणि फरक पडला तो बियाणांच्या पिशवीने. आकडेवारीच्या तक्त्यात मात्र दोन्ही एकर सारखेच दिसतात. उत्तर डाकोटाकडे बदकांचा हिशेब असाच उजळ आहे. तळ्याकाठच्या सीआरपी गवतामुळे १९९०च्या दशकात वर्षाला सुमारे वीस लाख बदकं जास्त निपजली, असा वन्यजीवशास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आणि मग करार संपतात. २००७च्या सुमारास मक्यापासून इथेनॉल करण्याची लाट आली, मका आणि सोयाबीनचे भाव चढले आणि सरकारी खंड बाजारभावापुढे फिका पडला. दहा वर्षं सांभाळलेलं गवत एका हंगामात तणनाशकाखाली गेलं. काही वर्षांत एक कोटी एकरांहून जास्त जमीन योजनेतून बाहेर पडली. तिचं पुढे काय झालं? सगळी काही नांगराखाली गेली नाही, बरीचशी कुंपण घालून चराईला राहिली. कुठे कोणती, का, आणि शेताचा मालक तिथे राहतो की शिकागोत, यावर काय ठरलं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. नव्या अभ्यासकाला इथे मोकळं रान आहे.

याच्या जोडीला दोन शंका कायम जवळ बाळगाव्यात. पहिली गळतीची. एक तुकडा पड टाकून आलेल्या पैशातून त्याच माणसाने पलीकडचा माळ मोडला तर? जुनजिए वू यांनी २००० साली हिशेब मांडला, की अमेरिकेच्या मध्य भागात सीआरपीत गेलेल्या दर शंभर एकरांमागे वीस एकर नवी जमीन लागवडीखाली आली. पाच वर्षांनी रॉबर्ट्स आणि बुखोल्ट्झ यांनी या हिशेबाच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. हा वाद मुळातून वाचावा, कारण कोणाची सरशी झाली यापेक्षा ‘सीआरपी नसती तर’ हे जग आकड्यांत कसं उभं करायचं याचा धडा त्यात आहे. दुसरी शंका फुकटच्या पैशाची : जे काम शेतकरी एरवीही करणारच होता त्याचे पैसे दिले का? नैर्ऋत्य ओहायोतल्या शेतकऱ्यांवर २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात ओढ्याकाठच्या गवतपट्ट्यांसाठी दिलेला पैसा बहुतांशी कामी आलेला दिसला, कमी नांगरटीसाठीचा मात्र बराचसा असाच गेला. कमी नांगरट शेतकऱ्याला डिझेल वाचतं म्हणूनही परवडते. ओढ्याकाठचं शेत सोडणं कोणाला परवडतं?

आता काउंटी. हे एकक मी आग्रहाने धरतो, कारण पड जमिनीचा फायदा-तोटा गावच्या चौकात दिसतो. कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्यात बाका काउंटी आहे, आकाराने आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून थोडी लहान. १९३०च्या खानेसुमारीत तिथे दहा हजारांवर माणसं होती, धुळीच्या दशकाने ती सहा हजारांवर आणली, आणि २०२० मध्ये साडेतीन हजार उरली. अशा ठिकाणी हजारो एकर एकदम पड टाकली की बी-बियाणांचा दुकानदार, ट्रॅक्टरचा मेकॅनिक आणि धान्याच्या कोठाराचा मालक यांचं गिऱ्हाईक जातं. खंड मात्र येत राहतो, आणि जमीनमालक म्हातारा होऊन मुलाकडे शहरात गेला असेल तर तो खंडही शहरात जातो. कूळ म्हणून ती जमीन कसणाऱ्या तरुणाच्या हातातून वावर निसटतं ते वेगळंच. म्हणूनच कायद्याने सुरुवातीपासून काउंटीतल्या लागवडीच्या जमिनीच्या २५ टक्क्यांवर मर्यादा घातली. शेती खात्याच्या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली मोठा अभ्यास करून सांगितलं, की सुरुवातीला रोजगार घटला पण तो परिणाम पुढे विरत गेला, आणि सीआरपीमुळे काउंट्या ओस पडल्या असं म्हणायला आधार नाही. मला हा निष्कर्ष मान्य आहे, पण सरासरीचा निष्कर्ष म्हणून. गावातलं एकुलतं एक अवजारांचं दुकान बंद झालं असेल तर त्या गावापुरती सरासरी कुचकामी असते.

काउंटीकडे बघण्याचं आणखी एक कारण आहे. शेती खात्याच्या या योजना स्थानिक शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या काउंटी समितीमार्फत चालतात. ऐकायला गोड वाटतं. दक्षिणेत या समित्या अनेक दशकं गोऱ्यांच्याच हातात राहिल्या आणि काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे आणि अनुदानाचे अर्ज त्यांच्याच कचेऱ्यांत अडले. १९९९ साली पिगफर्ड खटल्यात झालेली तडजोड या अन्यायाची होती. त्याहून खोल अडचण मालकीच्या कागदाची. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, मुलंबाळं आणि नातवंडं देशभर पांगली, आणि जमीन सगळ्यांच्या नावावर तशीच राहिली. अशा जमिनीला शेताचा क्रमांक मिळवणं मुश्कील होतं आणि क्रमांकाशिवाय कोणतीही योजना मिळत नाही. सामाईक सातबाऱ्यावर पंधरा नावं असल्यामुळे ज्याचं पीककर्ज किंवा अनुदान लटकलं आहे अशा आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. २०१८च्या कायद्याने काही पर्यायी कागद चालवून घ्यायला सुरुवात केली. संवर्धन अनुदान न मिळालेल्यांवर लिहिलेलं साहित्य मिळालेल्यांवरच्या साहित्याच्या मानाने फारच तोकडं आहे, कारण नाकारलेला अर्ज कोणत्याच यादीत येत नाही.

सामग्रीबद्दल एक इशारा द्यायला हवा. २००८च्या शेती कायद्याच्या कलम १६१९ने शेतकऱ्याने खात्याला दिलेली शेताची माहिती आणि नकाशे बाहेर द्यायला बंदी घातली. कोणाला किती पैसे मिळाले हे अजून कळतं, पण ते कोणत्या वावराचे हे कळत नाही. म्हणजे ज्या प्रश्नाला मी कळीचा म्हणतो त्याचीच वाट अडली. शेतकऱ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. आपलं वावर कुठे आणि कसं, हे जगाला का कळावं? पण सरकारी पैसा जमिनीसाठी दिला आहे, माणसाला नाही, असं मानलं तर जमीन झाकून माणसाचं नाव उघडं ठेवणं उफराटंच म्हणायला हवं. मग अभ्यासक उपग्रहाकडे वळले. शेती खात्याचेच पीकनकाशे २००८पासून सलग ४८ राज्यांचे मिळतात, आणि गवत होतं तिथे मका आला हे त्यांत दिसतं. मात्र सीआरपीचं गवत, चराईचं कुरण आणि नुसतं पडलेलं रान यांत हे नकाशे सहज गफलत करतात. त्यांवर भिस्त ठेवून आलेली मोठी टक्केवारी वाचताना हात जरा आखडता ठेवावा.

सुरुवात कुठून करावी असं विचारलंत तर १९७९ सालापासून. त्या एका वर्षी धुळीच्या दशकावर दोन पुस्तकं आली. डॉनल्ड वूस्टरने दोष भांडवलशाही शेतीला दिला, पॉल बॉनिफील्डने चिवटपणे टिकून राहिलेल्या शेतकऱ्याचं कौतुक केलं. दोघांसमोर पुरावा बहुतांशी एकच. १९९२ मध्ये विल्यम क्रोनन यांनी या दोन पुस्तकांना शेजारी ठेवून इतिहास कथा कशी रचतो यावर लेख लिहिला, तो कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने चुकवू नये. मग जेफ कन्फर यांचं २००५चं पुस्तक घ्यावं. त्यांनी मैदानांवरच्या काउंट्यांची जुनी आकडेवारी नकाशांवर चढवली आणि धूळ फक्त नांगरटीमुळेच उडाली का, असा सवाल केला. नांगर आला नव्हता तेव्हाही दुष्काळात इथे धूळ उडत असे, हे त्यांनी दाखवलं. एवढं झाल्यावर सिद्धान्त बाजूला ठेवून एक काउंटी निवडावी. सीआरपीचे करार ३० सप्टेंबरला संपतात. भाव चढे असतानाचं एक वर्ष आणि पडलेले असतानाचं एक वर्ष घेऊन त्यानंतरच्या वसंतातले हवाई फोटो शेजारी लावून बघावेत. काही चौरस हिरवे राहिलेले दिसतील, काही तपकिरी झालेले, काहींचं काय झालं ते फोटोवरून मुळीच कळणार नाही. त्यांच्यासाठी काउंटीच्या कार्यालयात फोन करावा. नावं आणि नकाशे तिथला माणूस देणार नाही, पण पेरणी-कापणीचे दिवस टाळून, दुपारच्या निवांत वेळी केलात तर बाकी सगळं सांगेल.